सही वाचता न आलेल्या सिस्टरना

सिस्टर, नमस्कार.

डिस्चार्ज कार्डाच्या मागे तुमची सही आहे, पण नाव काही लागत नाही. त्या हॉस्पिटलात चौकशी करून आले. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आता सगळ्या नव्या मुली. म्हणून हे असं सगळ्यांदेखत लिहितेय.

2015 साली माझा मुलगा जन्मला तो रडलाच नाही लवकर. दुसऱ्या दिवशी आकडी आली. मी टाके सांभाळत बाहेरच्या बाकावर बसले होते आणि आमच्या मावससासूबाई विचारत होत्या, "ग्रहणात विळीला हात लावला होतास का?" तुम्ही ते ऐकलंत. त्यांना काहीच बोलला नाहीत. मला आत नेलंत आणि कार्डाच्या मागे लिहून दिलंत: अपगार (जन्मल्या जन्मल्या बाळाची तब्येत जोखून दिलेले दहापैकी गुण) पहिल्या मिनिटाला 3, पाचव्याला 6, आकडीच्या वेळी साखर 19. म्हणालात, "अगं, साखर एवढी उतरली की मेंदूची उपासमार होते. ग्रहण कुठून आलं त्यात? अशी कितीतरी बाळं पुढे ठणठणीत असतात. पण कधी फिट आलीच, तर हा कागद दाखव. हरवू नकोस."

मी तो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आणि विसरून गेले.

पोरगं नऊ वर्षांचं झालं. एका संध्याकाळी म्हणालं, "आई, रंगीत गोळे फिरतायत." मान एका बाजूला वळली आणि कोसळलं. धनकवडीतली आमची चाळ गोळा झाली. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल. (कुशीवर वळवायचं असतं, तोंडात काही घालायचं नसतं, हे मला नंतर कळलं.)

न्यूरोच्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "जन्माच्या वेळी काय झालं होतं?" मी पिशवी उपडी केली. त्यांनी कागद दोनदा वाचला, मग एमआरआयवर मेंदूच्या मागच्या बाजूचा जुना वण दाखवला. जन्मल्या जन्मल्या साखर फार खाली गेली तर बहुतेकदा हाच भाग सोसतो, दृष्टीचा. म्हणून ते रंगीत गोळे. तुमचा कागद नसता तर हा वण कशाचा, हे शोधण्यात अजून किती हेलपाटे झाले असते कोण जाणे.

गोळ्या चालू आहेत. सात महिन्यांत फिट नाही. सायकल चालवतो, पोहायला मात्र एकटा सोडत नाही.

मावससासूबाईंना तो कागद मी मोठ्यानं वाचून दाखवला. सध्या त्यांची नात बाळंतपणाला आलीय. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक नर्सला त्या विचारतात, "बाळाची साखर बघितली का?"

तुमची,
बाक अडवून बसलेली ती बाळंतीण