ट्यूब बसवायला शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,
स. न. वि. वि.

समोर आभार मानले की तुम्ही ‘अगं, त्यात काय एवढं’ म्हणता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांनी वाचावं असं उघड. सायकलचं पंक्चर काढायला शिकवणारे पुष्कळ भेटतात. ठिगळ लावून झाल्यावर ती ट्यूब टायरमध्ये परत कशी घालायची, हे मात्र कुणी धड सांगत नाही. चांगली दुरुस्त झालेली ट्यूब बसवतानाच चिमटून पुन्हा फाटते, आणि लोक बिचाऱ्या ठिगळाला नावं ठेवतात.

मी ट्यूब घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा ठिगळ लागलेलं होतं. तुम्ही त्याच्या कडेला नख लावून बघितलंत, कुठे सुटत नाही याची खात्री केलीत आणि त्यावर थोडी टाल्कम पावडर चोळायला सांगितलीत. बाजूला उरलेलं सोल्युशन, म्हणजे ठिगळाचा डिंक, टायरला आतून चिकटू नये, म्हणून. मग तुम्ही हात पाठीमागे बांधलेत ते शेवटपर्यंत. पाच मिनिटांत तुम्ही स्वतः बसवून मोकळे झाला असतात. तसं केलं नाहीत, याबद्दल पहिले आभार.

‘ट्यूबच्या आधी टायर बघ,’ हे तुमचं पहिलं वाक्य. व्हॉल्व्ह रिमच्या भोकासमोर धरून ट्यूब टायरला लावून बघितली, की ठिगळ जिथे येतं तिथेच टायरमध्ये गुन्हेगार सापडण्याची शक्यता. ट्यूब उलटी धरली गेली असेल तर तो दुसऱ्या बाजूला, म्हणून दोन्हीकडे बघायचं. आत बोट फिरवायचं ते सावकाश, नाहीतर बोटच कापायचं. त्यापेक्षा फडकं फिरवलं तर टोचणाऱ्या टोकावर त्याचा धागा अडकतो. माझा धागा अडकला. बाहेरून टायर अगदी निर्मळ दिसत होता आणि आत तारेचा एक बारीक तुकडा रबरात रुतून बसला होता, जेमतेम तांदळाएवढा. तो तसाच राहिला असता तर नवं ठिगळ लावून काय उपयोग होता! चिमट्याने तो ओढून काढला तेव्हा तुम्ही माझ्याइतकेच खूश झालात, हे मी पाहिलंय.

रिमवरच्या पट्टीबद्दलही तिथेच सांगितलंत. ही पट्टी आऱ्यांची भोकं आणि टोकं झाकते. भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, म्हणजे रिमच्या बाजूला पडलं असेल तर रस्त्यावरच्या काट्याला दोष द्यायचा नाही, पट्टी सरकलीय का ते बघायचं. दोन भोकं शेजारीशेजारी असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली. ट्यूबवरचं भोक इतकं बोलतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

आता प्रत्यक्ष बसवणं. टायरचा एक काठ रिमवर होताच. ट्यूबमध्ये थोडीशी हवा भरायला लावलीत, ती नुसती गोल उभी राहील एवढीच. चपटी ट्यूब आत वळते, तिला पीळ पडतो, आणि तोच भाग नंतर काठाखाली सापडतो. फार हवा भरली तर ती टायरच्या पोटात मावत नाही. आधी व्हॉल्व्ह भोकातून सरळ बाहेर काढला, मग दोन्ही बाजूंनी ट्यूब आत सारत गेले. व्हॉल्व्हवरचा नट लगेच आवळू दिला नाहीत. का, ते पुढे कळलं.

दुसरा काठ चढवायचा तो व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूने सुरुवात करून, आणि संपवायचा व्हॉल्व्हपाशी. मला यातलं काहीच उमजत नव्हतं. मग तुम्ही एक जुनं रिम आणून दाखवलंत, मधोमध खोलगट असलेलं. टायरच्या काठातली तार ताणली जात नाही. म्हणजे शेवटचा घट्ट भाग चढायला जी ढील लागते, ती काठ त्या खोलगट भागात उतरवूनच मिळणार. व्हॉल्व्हपाशी काठ तसा उतरू शकत नाही, मध्ये ट्यूबचा जाड भाग असतो. म्हणून ती जागा शेवटी. हे एकदा डोळ्यांनी बघितल्यावर पाठ करायला काही उरलंच नाही.

शेवटचा वीतभर भाग हटून बसला. मी टायर लिव्हरकडे, म्हणजे टायरचा काठ उचकटायच्या पट्टीकडे, हात नेला आणि तुम्ही पहिल्यांदाच आवाज चढवलात, ‘लिव्हर काढायला, घालायला नाही!’ लिव्हर आणि रिम यांच्या मधे ट्यूब आली की तिथेच नवं भोक. थोडी हवा सोडली, समोरच्या बाजूने दोन्ही हातांनी काठ मधे दाबत दाबत ढील वरपर्यंत आणली, आणि दोन्ही अंगठ्यांनी रेटल्यावर काठ टप्पकन आत गेला. माझे अंगठे लाल झाले होते. तुम्ही म्हणालात, ‘आता हे हात विसरणार नाहीत.’

तरी पंप हातात मिळाला नाही. आधी व्हॉल्व्ह आत, वरच्या दिशेने दाबून परत खाली ओढायचा, म्हणजे त्याच्या बुडाशी अडकलेली ट्यूब सुटते. नट सैल ठेवला होता तो यासाठी. मग टायर बाजूला दाबून दोन्हीकडून चाकभर बघायचं. एका ठिकाणी काठाखालून ट्यूबची काळी चकचकीत कड डोकावत होती. तशीच हवा भरली असती तर धडाम. टायर तिथे हलवून ती आत घेतली, थोडी हवा भरली, चाक फिरवलं. टायरच्या अंगावरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली, तेव्हाच तुम्ही पूर्ण हवा भरायला मान हलवलीत, आणि तीही टायरवर छापलेल्या आकड्यांत राहून. (वाचणाऱ्यांसाठी: बार आणि पीएसआय ही दोन्ही हवेचा दाब मोजायची मापं. पंपावर बार असेल आणि टायरवर पीएसआय, तर १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय.)

बोलता बोलता तुम्ही म्हणाला होतात, टायर हाताने निघतो हेच मोठं सुख आहे. नंतर मी वाचलं. डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं ते १८८८ मध्ये, पण ते टायर रिमला चिकटवलेले असायचे. पंक्चर झालं की सोडवा, दुरुस्त करा, पुन्हा चिकटवा आणि सुकेपर्यंत थांबा. मिशेलिन बंधूंनी काढता-घालता येणारा टायर आणला आणि १८९१ मध्ये शार्ल तेराँ हा सायकलपटू त्याच टायरवर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत जिंकला. माझ्या लाल अंगठ्यांचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

परवा भाच्याला ट्यूब बसवायला शिकवत होते. माझे हात सारखे पुढे जात होते. त्याची धडपड बघवत नव्हती. तुम्ही तो सगळा वेळ हात पाठीमागे कसे ठेवलेत, ते अवघड काम होतं, हे मला तेव्हा समजलं. त्याबद्दल, आणि प्रत्येक वेळी ‘असं कर’च्या पाठोपाठ ‘का’ सांगितलंत त्याबद्दल मनापासून आभार. भाच्याचं चाक अजून टणक आहे.

आता माझ्या सायकलच्या मागच्या चाकाची रिमवरची पट्टी बदलायची आहे. नवी आणून ठेवलीय. साखळी आणि गिअरच्या मधून ते चाक कसं काढायचं, ते विचारायला रविवारी सकाळी येते. काकूंना नमस्कार.

तुमची,
वरच्या मजल्यावरची