पूल आतून गंजतो तेव्हा आवाज होतो, तो ऐकायची सोय करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की पुलांच्या पाहणीच्या बातम्या सुरू होतात, त्या वाचून राहवत नाही म्हणून लिहितोय. 5 जुलै 1986 ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा मी शाळेत होतो. पर्वरीहून पणजीला जायला मग परत फेरीबोट, भर पावसात छत्री सावरत धक्क्यावर उभे असायचो. 1970 चा पूल, म्हणजे जेमतेम 16 वर्षांचा, आणि काँक्रीटला आवळून धरणाऱ्या, त्याच्या पोटातल्या ताणलेल्या केबल गंजलेल्या. या केबल बाहेरून बघणाऱ्याला दिसतच नाहीत हो, खरी भीती तीच आहे.

आमच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं तेव्हा इंजिनिअर हातोडीने गॅलरीचा स्लॅब ठोकत चालला होता, टण् टण् टण् आणि एका जागी भद्द. तिथलं प्लास्टर काढलं तर सळीचे पापुद्रे नखाने सुटत होते. लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्या 2 ते 6 पट जागा मागतं, आणि काँक्रीटला आतून रेटून तडे पाडतं. हातोडीने ते सापडलं हे चांगलंच झालं, पण हातोडी काय किंवा अल्ट्रासोनिक टेस्ट काय, आपण विचारलं त्या दिवसापुरतं उत्तर मिळतं. रिपोर्टवर सही झाल्यावर आठ दिवसांनी पुलाच्या केबलमधली तार तुटली तर कुणाला कळणार?

अकॉस्टिक एमिशन म्हणून एक पद्धत आहे, म्हणजे बांधकामातून आपोआप निघणारा आवाज ऐकत राहायचा, त्यात आपण काही ठोकायचंच नाही. तडा पुढे सरकला, केबलमधली तार तुटली की त्या जागेवरून लहर निघते आणि काँक्रीटमधून पसरते. आपल्या कानाला 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, बारीक तड्यांच्या लहरी बहुतेक त्याच्या वरच्या, त्यामुळे पुलाखाली उभं राहूनही काही कळत नाही. सेन्सर चिकटवून ठेवायचे, मग लहर कुठल्या सेन्सरला आधी पोचली आणि कुठल्याला नंतर यावरून जागा काढता येते, भूकंपाचं केंद्र काढतात तसंच. तेलाच्या मोठ्या टाक्यांचा तळ गंजतोय का हेसुद्धा टाकी रिकामी न करता असंच ऐकतात.

लंडनचा हॅमरस्मिथ फ्लायओव्हर 1961 चा, तोही काँक्रीटचा आणि ताणलेल्या केबलचाच. तिथे थंडीत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते खारं पाणी झिरपून केबलपर्यंत गेलं. तिथे असे सेन्सर बसवले होते, तारा तुटल्याचे आवाज त्यात येत गेले, मग उघडून पाहणी केली आणि डिसेंबर 2011 मध्ये, ऑलिंपिक सात महिन्यांवर असताना, फ्लायओव्हर सरळ बंद केला. जानेवारीत फक्त हलकी वाहनं सोडली आणि ऑलिंपिकच्या आधी दुरुस्तीचा पहिला टप्पा करून घेतला. माणूस एकही दगावला नाही. लंडनला वर्षातले काही दिवस मीठ, आपल्याकडे तर बारा महिने खारी हवा आणि वर चार महिने पाऊस!

गाड्यांचा, पावसाचा गोंगाट त्यात मिसळतो, तो वेगळा काढायला जाणकार माणूस लागतो, खर्चही आहे, मान्य. आणि सेन्सर बसवण्याआधी जेवढ्या तारा तुटल्या त्यांचा हिशोब यात मिळत नाही, पण म्हणूनच तर उशीर करून चालणार नाही ना, आज बसवले तर आजपासूनचं ऐकू येईल. जुन्या झुआरी पुलावर अवजड वाहनं बंद करायची वेळ आलीच होती, वाशीच्या 1973 च्या खाडीपुलाच्या केबलनाही गंजाने सोडलं नाही.

गोवा आणि कोकणातल्या खाड्यांवरचे ताणलेल्या केबलचे जेवढे जुने पूल आहेत त्यांची यादी सरकारने आधी जाहीर करावी, त्यातल्या सगळ्यात जुन्या दोन-तीन पुलांवर या पावसाळ्याआधी सेन्सर बसवावेत, आणि तार तुटल्याचा इशारा आला तर वरून परवानगीची वाट न बघता पूल बंद करायचा अधिकार तिथल्याच इंजिनिअरला लेखी द्यावा. यादी आली तर कृपया तुमच्या पेपरात पूर्ण छापा.

आपला,
एक वाचक, पर्वरी