आई, त्या गोळ्या आता बंद

डोंबिवली, ९ ऑक्टोबर

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर तुम्ही दोघंही नुसतं ‘होय, होय’ म्हणता आणि फोन ठेवल्यावर बाबा जेवत नाहीत, हे मला शेजारच्या काकूंकडून कळतं. म्हणून पत्र.

बाबा, कणकवलीत एक्स-रे बघून ‘हाडात गाठ आहे’ म्हणाले, तेवढंच तुमच्या कानात राहिलं. इथल्या डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट समोर ठेवून सांगितलं की आईच्या नडगीतली गाठ कॅन्सरची नाही. मूळ गळ्यात आहे. रक्तात कॅल्शियम १२.४ निघालं, ते साधारण साडेआठ ते साडेदहात हवं.

आपल्या विहिरीवरचा पंप आठवा. टाकी भरली की आपोआप बंद व्हायचा. त्या मे महिन्यात खटका अडकला, टाकी वाहून गेली आणि विहिरीचा तळ दिसला. तेच झालंय. थायरॉइडच्या मागे चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, जेमतेम तुरीच्या डाळीएवढ्या. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की त्या हाडांतून उपसायला लावतात, पुरेसं झालं की थांबतात. आईची डावीकडची खालची ग्रंथी चिंचोक्याएवढी झालीय आणि थांबायचं नावच घेत नाही. उपसून उपसून नडगीत पोकळी पडली, तिच्यात रक्त साकळलं. त्या जुन्या रक्तानं गाठ तपकिरी दिसते म्हणून तिला ब्राउन ट्यूमर म्हणतात. ट्यूमर नावापुरताच. ग्रंथी काढली की पुढच्या काही महिन्यांत हाड बहुधा आपलं आपण भरून येतं. ग्रंथीची गाठही जवळजवळ नेहमी साधीच असते, तरी काढल्यावर तपासायला पाठवतातच.

मुतखडेही त्यातलेच, आई. दोन्ही वेळा तू कुळथाचं कढण पीत बसलीस. भूक मेली, पोट साफ होईना, भर दुपारी पडून राहायला लागलीस. विचारलं की ‘म्हातारपणाचा दुखणा ह्या, आणिक काय!’ आणि आम्हीही मान डोलावली.

मी तर त्याहून पुढे गेले. दर महिन्याला कुरियरनं कॅल्शियमच्या गोळ्या पाठवत होते. रोग त्यानं झाला नाही असं डॉक्टर म्हणाले, पण भरून वाहणाऱ्या टाकीत मी वरून कळश्या ओतत होते. दोन रात्री झोप लागली नाही. आता त्या गोळ्या बंद. दूध आणि नाचणीची भाकरी मात्र सोडू नकोस, पाणी भरपूर पी.

ऑपरेशन गळ्यावर छोटा छेद देऊन होतं. बाबा, यातली एक गोष्ट तुम्हाला आवडेल. त्या ग्रंथीचं हॉर्मोन रक्तात काही मिनिटांतच निम्मं होतं. म्हणून ग्रंथी काढल्यावर दहा मिनिटांनी रक्त तपासतात. हॉर्मोन निम्म्याच्या खाली आलं की समजायचं, बरोबर तीच काढली. (ही ग्रंथी पहिल्यांदा सापडली ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्यात, १८५० च्या सुमारास. माणसातली १८८० साली स्वीडनच्या सँडस्ट्रॉमनं शोधली.)

लपवत नाही, आवाजाची नस तिथूनच जाते आणि क्वचित कुणाचा आवाज बसतो. भजनाचं तुझं मनात येणार, म्हणून आधीच डॉक्टरांना विचारलं. ते जपून करतात. नंतर ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं. उपाशी हाडं कॅल्शियम ओढून घेतात. तेव्हा गोळ्या पुन्हा लागतील. त्या मीच देईन, मोजून.

भात कापून होऊ दे, हे चालणार नाही. दादा कापणीला आठ दिवस येतोय. तोवर आईनं विहिरीवर जायचं नाही, कळशी उचलायची नाही. ते हाड आत्ता पोकळ आहे. शनिवारची कोकणकन्येची दोन्ही तिकिटं काढलीत, आईला खालचा बर्थ आहे. मी ठाण्याला उतरवून घ्यायला येते.

एक्स-रेची फिल्म गुंडाळू नका, सपाट आणा. आणि बाबा, जेवा.

तुमची,
ताई