नाशिकचा खर्च नाशिकच्या बिलात दिसू द्या

महोदय,
स. न. वि. वि.

नाशिकला चित्रनगरी हवी ही मागणी निघाली की चर्चा इगतपुरीजवळच्या मुंढेगावच्या जागेवर येऊन थांबते. जागा हवीच. पण निर्माता युनिट घेऊन कसारा घाट चढतो तो हिशेब करून. मुंबईत कलाकार-तंत्रज्ञ आपापल्या घरी झोपतात, इथे सगळ्यांची राहण्या-जेवणाची सोय करावी लागते. तो जादा खर्च भरून काढणारे अनुदान असेल तरच पंचवटी, त्र्यंबकेश्वर, गंगापूर धरणाचा काठ त्याला परवडतो.

राज्याच्या दर्जेदार मराठी चित्रपट अर्थसाहाय्य योजनेत पूर्ण झालेला, सेन्सॉर प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट समिती पाहते आणि गुण देते. ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख रुपये, असे बरीच वर्षे चालत आले. कलेच्या दृष्टीने ही पद्धत योग्य आहे, ती मोडू नये. पण चित्रीकरण कुठे झाले याने गुण ठरत नाहीत. गोरेगावात उभारलेला वाडा आणि पंचवटीतला खरा वाडा अनुदानाच्या लेखी सारखेच.

उत्तर प्रदेशाने चित्रीकरणाचे दिवस मोजायला घेतले. निम्मे दिवस राज्यात असतील तर कमाल १ कोटी अनुदान, दोन तृतीयांश असतील तर २ कोटी. केंद्राने परदेशी निर्मितीसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतात केलेल्या पात्र खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत, कमाल ३० कोटी परतावा जाहीर केला. दोन्हींचे तत्त्व एकच, इथे काम करा आणि इथल्या कामाचे पैसे घ्या. गुणांच्या जोडीला जिल्ह्यात झालेल्या खर्चावर २५ टक्के परतावा, अशी दुसरी वाट महाराष्ट्रानेही काढावी.

हिशेब मांडून पाहू. ८० जणांचे युनिट, एका खोलीत दोघे म्हणजे ४० खोल्या. २ हजार रुपये दराने रोजचे ८० हजार. चहा-नाश्ता-दोन जेवणे माणशी ४५० धरली तर ३६ हजार. २५ दिवसांचे २९ लाख फक्त या दोन बाबींवर. त्यावर २५ टक्के म्हणजे सव्वासात लाख. २०२७ च्या सिंहस्थात खोल्यांचे दर चढतील, तेव्हा प्रतिखोली कमाल मर्यादा नियमातच असावी.

अडचण पुढे आहे. उत्तर प्रदेशाला खर्च आपल्या राज्यातला आहे का, हे जीएसटी क्रमांकाच्या पहिल्या दोन आकड्यांवरून, म्हणजे राज्याच्या संकेतांकावरून, कळू शकते. आपल्याकडे ते आकडे मुंबईला २७ आणि नाशिकलाही २७. मुंबईचा जनरेटर, मुंबईचाच चालक, आणि बिल मात्र नाशिकच्या सिडकोतल्या नावापुरत्या फर्मचे, असे सहज होऊ शकते. उलटही होते. लाईन प्रोड्युसर, म्हणजे चित्रीकरणाची स्थानिक व्यवस्था पाहणारा, नाशिकच्या सुतारापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळ्यांना पैसे देतो, पण निर्मात्याला अंधेरीच्या पत्त्यावरचे एकच ठोक बिल लावतो. मग खरोखर इथे झालेला खर्चही कागदावर मुंबईचा ठरतो. म्हणून ठोक बिलासोबत मूळ बिले, चित्रपटाच्या नावासह, जोडण्याची सक्ती हवी. जनरेटर, लाईट, गाड्या यांच्यासाठी सामान कुठून निघाले त्याचे डिलिव्हरी चलन आणि त्या दिवसाची कॉलशीट (त्या दिवशीच्या चित्रीकरणाचे वेळापत्रक) एकत्र तपासावी.

आता ज्यांच्याकडे पक्के बिलच नाही त्यांचे पाहा. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. गोदाघाटावरचा नावाडी, शिंपी, मंडपवाला, द्राक्षबाग किंवा वाडा भाड्याने देणारा शेतकरी हे सगळे त्यात येतात. ‘फक्त टॅक्स इन्व्हॉइस (जीएसटीचे पक्के बिल) चालेल’ असा नियम केला तर नेमकी हीच माणसे बाहेर पडतील. साधे बिल, पॅन आणि बँकेतून दिलेली रक्कम, एवढे पुरेसे मानावे. तरीही गफलत होते. सातबाऱ्यावर चार भावांची नावे असतात, करारावर सही एकाची, आणि पैसे तिसऱ्याच्या खात्यावर. लेखापरीक्षक ती रक्कम नाकारतो आणि त्याचे चुकत नाही. करारासोबत बाकीच्यांचे संमतिपत्र चित्रीकरणाआधीच घ्यावे. चित्रीकरण आटोपून पॅकअप झाल्यावर चारही भाऊ एका टेबलाशी बसत नाहीत. रोखीचेही तसेच. एका दिवसात एका व्यक्तीला १० हजारांवर रोख दिले की आयकरात तो खर्च नामंजूर होतो. तोच निकष अनुदानालाही लावावा. अनुदानाच्या पूर्वमंजुरीआधीचा लोकेशन पाहणीचा खर्च धरायचा की नाही, हेही लिहून ठेवावे. आणि सीएच्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन (प्रमाणपत्र खरे आहे हे पडताळता येणारा) क्रमांक नसेल तर अर्ज खिडकीवरच परत करावा, सहा महिन्यांनी त्रुटीपत्र पाठवू नये.

उशीर फार महाग पडतो. ४० लाखांचे अनुदान दीड वर्षाने हाती आले आणि तेवढी रक्कम १८ टक्के व्याजाने उचललेली असेल, तर १० लाख ८० हजार व्याजातच जातात. अनुदानाचा चौथा हिस्सा सावकाराचा झाला. त्याऐवजी पॅकअपनंतर हिशेब तपासून ६० दिवसांत निम्मी रक्कम द्यावी आणि उरलेली सेन्सॉर प्रमाणपत्र आल्यावर. चित्रपट अर्धवट राहिला तर शासनाचे निम्मे पैसे वाचतात.

मालिकांचा विचार तर होतच नाही, आणि गावाला जास्त काम त्यांचेच मिळते. चित्रपट महिन्याभरात निघून जातो. मालिका बंगला वर्षभर भाड्याने घेते. डबेवाला, इस्त्रीवाला, सुतार, गाड्या रोज लागतात. पण ‘निर्मिती पूर्ण झाल्यावर अर्ज’ ही अट चालू मालिकेला लागू कशी करणार? तिच्यासाठी दर सहा महिन्यांच्या खर्चावर दावा घ्यावा आणि किमान स्थानिक कामगारांची अट ठेवावी.

सढळ हाताने सवलत देऊन फसलेल्यांचीही उदाहरणे आहेत. अमेरिकेतल्या मिशिगनने २००८ मध्ये ४० टक्क्यांच्या घरात सवलत सुरू केली आणि २०१५ मध्ये गुंडाळली. जॉर्जियाने सवलत टिकवली, पण २०२० मध्ये सरकारी लेखापरीक्षणात त्रुटी निघाल्यावर दाव्यांची तपासणी सक्तीची केली. आपल्याकडे वार्षिक तरतूद ठरवावी आणि अर्ज आल्याची तारीख, त्रुटी कळवल्याची तारीख, पैसे दिल्याची तारीख हे तीन रकाने प्रत्येक दाव्यासमोर संकेतस्थळावर टाकावेत. नाशिकच्या आमदार-खासदारांनी मुंढेगावच्या भूमिपूजनाची तारीख विचारताना या तीन रकान्यांचीही मागणी करावी.

आपला,
एक निर्मिती लेखापाल,
गंगापूर रोड, नाशिक