सत्कारासाठी नावे सुचवण्याबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, संयुक्त राष्ट्रांनी १९९२ साली घोषित केलेल्या ३ डिसेंबरच्या आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिनी, शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींचे रोजचे जगणे सुकर करणाऱ्यांचा आपण सत्कार करणार आहोत. नावे १५ नोव्हेंबरपर्यंत कार्यवाहांकडे लेखी द्यावीत. देणगीच्या रकमेपेक्षा प्रत्यक्ष कामाला प्राधान्य राहील; १ फूट उंचीच्या पायरीसाठी घाई न करता पुरता १२ फूट लांबीचा उतार बांधणारा गवंडी, किंवा कृत्रिम पायाचे सॉकेट (उरलेला पाय ज्यात बसतो तो खोलगट भाग) मांडीला काचते म्हणून ते पुन्हा पुन्हा घासून नीट बसवून देणारा कारागीर, आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. ज्यांच्यासाठी हे काम झाले त्यांचे मत शिफारशीसोबत अवश्य जोडावे, मात्र त्यांच्या संमतीविना छायाचित्रे पाठवू नयेत.