आई, माळ गळ्यातच आहे

कोलंबस, इंडियाना

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. ऑफिस, थंडी, डबा सगळं नेहमीचंच. पण अभीने तो थाई हॉटेलातल्या जेवणाचा फोटो दाखवल्यापासून आई माझ्याशी धड बोलत नाही, आणि फोनवर समजावताना माझाच आवाज चढतो. म्हणून लिहून पाठवते. अभी, मोठ्याने वाच आणि मधलं काही गाळू नकोस.

आधी माळेचं. माळ गळ्यातच आहे, स्वेटरखाली गेली म्हणून दिसली नाही. ताटलीतलं पांढरं म्हणजे टोफू, सोयाबीनच्या दुधाचं पनीर. थाई जेवणात माशाचं पाणी असतं असं काकूंनी सांगितलं, ते खरं आहे. बारीक मासे मिठात मुरवून त्याचा रस काढतात आणि आपण मीठ घालतो तसा घालतात. त्यांच्या लाल-हिरव्या कालवणांच्या वाटणात आंबवलेला जवळाही असतो. म्हणूनच मी ती कालवणं मागवत नाही. भाज्या आणि टोफू नुसत्या सोया सॉसमध्ये परतून मागते, कढई वेगळी घ्यायला सांगते. हॉटेलच्या मालकीणबाई थायलंडच्याच आहेत. त्यांना माळ दाखवून सांगितलं, तर इथल्या इतर कुणाहीपेक्षा त्यांना लवकर कळलं. त्यांच्याकडे बहुतेक आपल्या नवरात्राच्याच सुमाराला नऊ दिवस लोक मांस, मासे, अंडी तर सोडतातच, कांदा-लसूणही सोडतात. त्या दिवसांत तसं जेवण मिळतं तिथे पिवळे झेंडे लावतात. अशा बाईच्या हातचं मी निर्धास्त जेवते, आई. तूही जेवशील.

आणि ती हिरवी पानं तुळशीची नव्हेत. थायलंडात आपली तुळस मिरची-लसणाबरोबर परततात हे खरं, मलाही ऐकून कसंतरी झालं. पण माझ्या पानात होती ती सब्ज्याच्या जातीची, बडीशेपेसारख्या वासाची. काड्यांनी जेवावं लागत नाही. थाई लोक भात चमच्यानेच खातात, डाव्या हातातला काटा फक्त घास चमच्यात लोटायला.

आता बाबांचा प्रश्न. ३० डॉलरच्या बिलावर ३६ कसे झाले? बाबा, कुणी फसवलं नाही. इथे हॉटेलात वाढणाऱ्याला टिप द्यावी लागते, आणि ती आपल्यासारखी बडीशेपेच्या बशीत उरलेली चिल्लर नसते. बिलाच्या पंधरा ते वीस टक्के. आधी बिल येतं, आपण कार्ड देतो, ते कार्ड आत नेतात, मग एक चिठ्ठी येते. तिच्यावर टिपची ओळ कोरी असते. तिथे आकडा आपण लिहायचा, बेरीज आपण करायची, खाली सही. कायद्याने सक्ती नाही, पण न देणं फार वाईट दिसतं. कारण टिप मिळणाऱ्या माणसाला मालकाने तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात. हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. साधी किमान मजुरी ७.२५ डॉलर आहे. टिप धरूनही तेवढे झाले नाहीत तर फरक मालकाने भरायचा. म्हणजे वाढणाऱ्याचा पगार बराचसा गिऱ्हाइकाच्या हातात. तुम्ही एसटीत तिकिटं फाडून महिन्याचा ठरलेला पगार घरी आणलात, म्हणून तुम्हाला हे पटणार नाही. मलाही पटत नाही. पण वाढणारी मुलगी अभीच्या वयाची आहे, तिच्या पोटावर पाय देऊन मी तत्त्व पाळू शकत नाही.

मी रोज बाहेर खात नाही. महिन्यातून एखाद्या शुक्रवारी, एकादशी नसेल तर.

आई, “आम्ही म्हणजे कोण?” हे तू दोनदा विचारलंस आणि मी विषय बदलला. कमिन्स या इंजिनांच्या कंपनीमुळे या एवढ्याशा गावात मराठी माणसं पुष्कळ आहेत, त्यांच्यातलाच एक. निखिल. नागपूरचा, माझ्याच विभागात. वारकरी नाही, घरी सगळं खातात. माझ्यासमोर खात नाही, मी न सांगता. त्या मालकीणबाईंना माळेचा अर्थ पहिल्यांदा त्यानेच समजावला, मला शब्द सुचत नव्हते तेव्हा. कोरेगावच्या स्थळाला मी नाही म्हटलं ते यासाठी. मुलात काही खोट नव्हती, मावशीला तसं सांग, तिला फार वाईट वाटलं असेल. आधी तू ऐकायचंस आणि मग बाबांना सांगायचंस, तसं आता नको, दोघांनी एकदमच ऐका. रागवा, पण फोन उचला.

अभीच्या लग्नाला यायचं मी अजून सोडलेलं नाही. व्हिसाच्या शिक्क्यासाठी मुंबईची तारीख मिळाली तरच निघता येईल, नाहीतर परत येताना अडकेन. रोज सकाळी उठून आधी तेच बघते. हळदीला मी नसेन तर करवली म्हणून चिंगीला उभी करा, माझी पैठणी तिला द्या, कपाटात वरच्या खणात आहे.

हॉलचे दोन लाख बाबांच्या खात्यात टाकलेत. आचाऱ्याचे पुढच्या महिन्यात पाठवते, त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढू नका. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे लग्नाआधीच काढून घ्या, पैसे त्यातूनच वापरा.

तुमची,
वैशू