चित्राखाली वर्णपटही छापा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेली तेजोमेघांची, म्हणजे आकाशातल्या उजळ वायूच्या ढगांची, आणि दूरच्या दीर्घिकांची छायाचित्रे वृत्तपत्रांत छापून येतात तेव्हा मला फार आनंद होतो. नागपुरात तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. त्यातल्या बहुतेक काळात अशी चित्रे मुलांना दाखवायची तर जुनी मासिके चाळावी लागत. पण या चित्रांखाली 'पेटलेला वायू', 'आगीचे लोळ' असे काही लिहिलेले वाचले की जीव कळवळतो. तिथे काहीच पेटलेले नसते.

गेल्या हिवाळ्यात कॉलनीतली मुले घेऊन आम्ही पेंचला, सिल्लारीच्या बाजूला गेलो होतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क' (काळोखे आकाश जपणारे उद्यान) म्हणून मान्यता मिळाली. सीताबर्डीच्या दिव्यांखाली वाढलेल्या मुलांना तिथले आकाश पाहून बोलायचे सुचेना. मृग नक्षत्रात पोटातल्या बाणाच्या खाली जो धूसर ठिपका दिसतो, त्यावर दुर्बीण लावली. सातवीतल्या एका मुलीने बराच वेळ डोळा लावून पाहिले आणि विचारले, "सर, पेपरात तं हा लाल-गुलाबी होता. इथं राखाडी काऊन दिसते?"

या प्रश्नासाठीच हे पत्र लिहीत आहे.

तो ठिपका म्हणजे मृगातला तेजोमेघ. तो आपल्यापासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या मध्यभागी काही तरुण, वजनदार तारे आहेत आणि त्यांतल्या सर्वांत प्रखर ताऱ्याच्या पृष्ठभागाचे तापमान चाळीस हजार अंशांच्या घरात आहे. सूर्याचे साडेपाच हजार. इतका तापलेला तारा बहुतांश प्रकाश अतिनील देतो. ९१.२ नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीची लहर हायड्रोजनच्या अणूवर आदळली की त्याचा इलेक्ट्रॉन निसटतो. यालाच आयनीभवन म्हणतात. निसटलेला इलेक्ट्रॉन कधीतरी पुन्हा एखाद्या केंद्रकाला सापडतो, पायरी-पायरीने खाली उतरतो आणि उतरताना ठरावीक रंगाचा प्रकाश देतो. प्रकाश रंगांनुसार पसरवून मिळणाऱ्या पट्ट्यात, म्हणजे वर्णपटात, दिसणारी ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा त्यातलीच, छापील चित्रातली लाली तिचीच. घरातल्या ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याची वाफ अतिनील प्रकाश देते आणि काचेच्या आतला पांढरा लेप तो गिळून आपल्याला दिसेल असा प्रकाश बाहेर टाकतो. तेजोमेघात लेपाचे काम वायू करतो.

मग डोळ्याला ती लाली का दिसत नाही? अंधारात काम करणाऱ्या आपल्या डोळ्यांतल्या पेशींना लाल जवळजवळ कळतच नाही. त्यांना सर्वांत चांगला कळतो तो ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश, पण त्याचाही रंग त्या सांगू शकत नाहीत. आणि नेमकी ५००.७ नॅनोमीटरला या तेजोमेघाची एक प्रखर हिरवी रेषा आहे. मुलीला राखाडी दिसला त्या प्रकाशात मोठा वाटा या रेषेचा होता.

या रेषेने शास्त्रज्ञांना त्रेसष्ट वर्षे झुलवले. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाच्या वर्णपटात ती पाहिली. पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून 'नेब्युलियम' नावाचे नवे मूलद्रव्यच कल्पिले गेले. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडा केला: हा तर आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. प्रयोगशाळेतल्या दाट वायूत अणू एकमेकांवर इतके आदळतात की ही रेषा उमटायला उसंतच मिळत नाही. तेजोमेघ अतिविरळ, म्हणून तिथे ती उमटते.

ऑक्सिजनचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ३५ नॅनोमीटर किंवा त्याखालचा प्रकाश लागतो. तो फार तापलेल्या ताऱ्यांकडेच असतो. म्हणजे हिरवी रेषा हायड्रोजनच्या रेषांच्या तुलनेत किती प्रखर आहे, यावरून आत कसले तारे आहेत याचा अंदाज बांधता येतो. दहा अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकेतला एकेक तारा आपल्याला कधीच सुटा दिसत नाही. त्याच्याबद्दल सांगतो तो वायूच. तिथून निघालेली हिरवी रेषा विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्तात, सुमारे १,५०० नॅनोमीटरला पोहोचते. अवरक्त टिपणारी वेब दुर्बीण म्हणूनच इतकी मोलाची.

त्या काळातल्या दीर्घिकांत ही रेषा जवळच्या दीर्घिकांपेक्षा जास्त प्रखर आढळते. याचे एक कारण मला फार सुंदर वाटते. वजनदार तारे काही दशलक्ष वर्षांतच फुटतात आणि ऑक्सिजन उधळून देतात. लोखंडाचा मोठा भाग मात्र श्वेत बटूंच्या, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या, स्फोटांतून येतो आणि त्याला बराच जास्त काळ लागतो. म्हणून त्या तरुण दीर्घिकांत ऑक्सिजन होता, पण त्या मानाने लोखंड कमी. ताऱ्याच्या बाहेरच्या थरातले लोखंड अतिनील प्रकाश अडवते. ते कमी असले की तीव्र प्रकाश मोकळा सुटतो आणि वायूच्या अणूंचे इलेक्ट्रॉन अधिक सोलतो, म्हणून हिरवी रेषा प्रखर होते. जोडताऱ्यांचाही यात हात असावा, त्यावर अजून वाद आहेत.

वायू हा सगळा प्रकाश गिळतोच असेही नाही. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या अवकाश दुर्बिणीने ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून निसटलेला अतितीव्र अतिनील प्रकाश पकडला. पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेतील कनक साहा यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने २०२० मध्ये तो शोध प्रसिद्ध केला. मराठी मुलांना याचा अभिमान वाटावा असे मला वाटते, पण चित्रात पाहिले तर ती दीर्घिका म्हणजे एक ठिपका. तिची सारी गोष्ट मोजमापात आहे.

म्हणून विनंती आहे. असे चित्र छापाल तेव्हा खाली दोन बोटे जागा त्याच्या वर्णपटासाठी ठेवा. कोणती रेषा हायड्रोजनची, कोणती ऑक्सिजनची, एवढे मराठीत लिहा. चित्रातला कोणता रंग मूळचा आणि कोणता अवरक्ताला नंतर दिलेला, हेही. मुलांना हे कळत नाही अशी समजूत असेल, तर ती माझ्या अनुभवाशी जुळत नाही.

सुरुवात मृगातल्या तेजोमेघापासूनच करावी. मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास आकाश काळोखे असेल आणि तो संध्याकाळीच वर आलेला असेल. आम्ही त्या आठवड्यात मुलांना घेऊन पुन्हा सिल्लारीला जाणार आहोत. वर्णपट छापलात तर त्याचे कात्रण मी सोबत नेईन आणि आधी त्या मुलीच्या हातात देईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नागपूर